चित्रकलेच्या क्लासला वर्षाला खरंच किती पैसे लागतात? मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी बडोद्यातला सविस्तर हिशोब

मागच्या जूनमध्ये मनवाला (माझी मुलगी, पाचवीत आहे) चित्रकलेच्या क्लासला घालायचं ठरलं तेव्हा मी सहा ठिकाणी फोन केले आणि सगळीकडे एकच प्रश्न विचारला, फी किती? सहाही ठिकाणी आकडा मिळाला, आठशेपासून अडीच हजारांपर्यंत, पण त्यावरून मला काहीच ठरवता येईना, कारण कुठे आठवड्यातून एक दिवस होता, कुठे तीन दिवस, कुठे सामान धरून, कुठे सामान आपलं, आणि एका ठिकाणी तर फी तीन महिन्यांची सांगितली होती ते मला घरी येऊन कळलं.

मग मी एक वही केली आणि वर्षभर क्लासपायी जे जे पैसे गेले ते सगळे त्यात लिहिले, अगदी रिक्षाचे आणि फ्रेमचेसुद्धा. त्याच वर्षी माझे बाबा, वय ६७, दांडिया बाजारात राहतात, त्यांनीही वॉटरकलर शिकायला घेतलं. त्यामुळे लहान मुलाचा आणि मोठ्या माणसाचा असे दोन्ही हिशोब आता माझ्याकडे आहेत. जूनमध्ये मला कोणी हे समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं सारखं वाटतं, म्हणून सविस्तर लिहितेय. माझे आकडे माझ्या घरचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण हिशोब करायची पद्धत तीच राहील.

सगळ्यात आधी, क्लास कशासाठी हवाय ते ठरवा

हे वाचून वाटेल यात काय ठरवायचं, पण सगळ्यात जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी जातात. मुलाला हौस आहे, संध्याकाळी दोन तास रंगात रमावं एवढंच हवं असेल तर तो एक प्रकार झाला. नीट पायाशुद्ध शिकायचंय, वस्तूचित्र, छायाप्रकाश, माणसांची प्रमाणं, तर तो दुसरा. आणि बारावीनंतर फाइन आर्ट्सला किंवा आर्किटेक्चरला जायचंय, म्हणजे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्सची प्रवेश परीक्षा, आर्किटेक्चरसाठी नाटा, डिझाइनसाठी एनआयडीची परीक्षा, त्याचे कोचिंग क्लास हा पूर्ण वेगळा बाजार आहे, तिथली फी हौसेच्या क्लासच्या कितीतरी पट असते आणि ती अकरावी-बारावीच्या मुलांसाठीच आहे. सहावीतल्या मुलाला "आत्तापासून फाउंडेशन" म्हणून कोणी तसलं पॅकेज देत असेल तर घेऊ नका.

अजून एक, आपल्या मराठी घरांत हमखास होतं ते सांगते. पुण्या-मुंबईची आतेभावंडं सांगतात की एलिमेंटरी-इंटरमिजिएट (महाराष्ट्र सरकारच्या चित्रकलेच्या परीक्षा) दिली की दहावीला मार्क वाढतात. खरं आहे, पण ते महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीला. आपली मुलं इथे गुजरात बोर्डाला नाहीतर सीबीएसईला बसतात, त्यांना महाराष्ट्र बोर्डाचा तो नियम लागू होत नाही. परीक्षा देणं वाईट नाही, ठरलेल्या वेळेत चित्र पूर्ण करायची सवय लागते, पण "मार्क वाढतील" म्हणून कोणी परीक्षेच्या तयारीची जादा फी सांगत असेल तर हे लक्षात ठेवा.

आणि मूल पाच-सहा वर्षांच्या आतलं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, क्लास लावूच नका. घरात एक भिंत द्या, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू द्या, खडू द्या. त्या वयात कोणी "आकाश निळंच कर" म्हणणारं भेटलं तर नुकसानच होतं, आणि त्याचे आपणच पैसे मोजतो.

फी ऐकली की तासाचा भाव काढा

महिन्याच्या फीवर दोन क्लासची तुलना करता येत नाही. समजा एका क्लासची फी महिना १,२०० आहे, आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास. म्हणजे महिन्याला साधारण आठ वेळा, १२ तास, तासाला १०० रुपये. दुसरीकडे फी १,६०० आहे, आठवड्यातून एकच दिवस पण दोन तास, म्हणजे महिन्याला ८ तास, तासाला २०० रुपये. इथपर्यंत पहिला क्लास निम्म्या भावात पडतो, आणि मी इथेच थांबले आणि पहिल्यासारख्याच क्लासला नाव घातलं.

पण खरा हिशोब इथून पुढे आहे. पहिल्या क्लासमध्ये एका सरांकडे २० मुलं. दीड तास म्हणजे ९० मिनिटं, २० मुलांत वाटली तर प्रत्येकाला साडेचार मिनिटं, महिन्याला ३६ मिनिटं. दुसऱ्या क्लासमध्ये सहाच मुलं, १२० मिनिटांत प्रत्येकाला २० मिनिटं, महिन्याला ८० मिनिटं. आता भाग द्या. पहिल्या ठिकाणी सरांनी तुमच्या मुलाच्या कागदाकडे बघितलेलं एक मिनिट ३३ रुपयांना पडतं, दुसऱ्या ठिकाणी २० रुपयांना. स्वस्त वाटणारा क्लास महाग निघाला.

चित्रकलेत हे लक्षच सगळं काही असतं हो. गणिताच्या क्लासमध्ये फळ्यावर एक उदाहरण सोडवलं की चाळीस मुलांना एकदम कळू शकतं. चित्राचं तसं नाही, प्रत्येकाच्या कागदावरची चूक वेगळी असते. मनवा झाड काढताना खोड खालपासून वरपर्यंत एकाच जाडीचं काढायची, वर्षभर तसंच काढत होती, आणि मे महिन्यात एका नवीन ताईंनी तिच्या शेजारी बसून खिडकीतल्या कडुलिंबाकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "ही फांदी जिथून निघते तिथे खोड जाड आहे की बारीक, बघ बरं." दोन मिनिटांचं काम. तिने मान वर करून कितीतरी वेळ बघितलं, मग खोडरबर घेऊन वरचं अर्धं खोड पुसलं. त्या दिवसापासून तिची झाडं बदलली. ती दोन मिनिटं मिळायला एक वर्ष का लागलं, तर २० मुलांत कोणाला वेळच नव्हता. पहिल्या सरांचा दोष नाही म्हणत मी, माणूस एक आणि हात दोन.

म्हणून फोनवर फी विचारली की लगेच हे विचारा: एका बॅचमध्ये मुलं किती, शिकवणारे किती, आणि शिकवणार कोण, स्वतः सर की त्यांचे विद्यार्थी? शेवटचा प्रश्न अवघड वाटतो पण विचाराच. बोर्डावर नाव एकाचं आणि बॅच दुसऱ्याकडे, असं पुष्कळ असतं. शिकवणारा विद्यार्थी चांगला असू शकतो, पण मग फी त्या हिशोबाने हवी.

वर्षाचे महिने १२, क्लासचे नाहीत

हे खास आपल्या बडोद्याचं. संध्याकाळची बॅच असेल तर नवरात्रीत नऊ दिवस क्लास बंद, कारण गरबा सोडून कोण येणार, मुलंही नाही आणि शिकवणारेही नाही. मग दिवाळीची शाळेला २१ दिवस सुट्टी, त्यात क्लासही बंद. उत्तरायणाचे दोन दिवस. शाळेच्या परीक्षा असतील तेव्हा आपणच पाठवत नाही. मे महिन्यात आपण गावाला. फी मात्र बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांची.

मनवाचे वर्षाला १०४ क्लास व्हायला हवे होते, मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक करत गेले, झाले ८१. वर्षाची फी १२,००० होती. १०४ने भागलं तर एक क्लास ११५ रुपयांना, ८१ने भागलं तर १४८ला. म्हणून विचारा की दिवाळीच्या महिन्यात फी पूर्ण की अर्धी, मे महिन्यात नाही आलो तर फी भरावी लागते का, आणि बुडालेला क्लास दुसऱ्या बॅचला बसून भरून काढता येतो का. काही क्लास महिन्याऐवजी आठ किंवा बारा क्लासचं कार्ड देतात, जेवढे याल तेवढे खूण करतात. ज्यांच्या घरी लग्नकार्यं आणि गावाला जाणं फार त्यांना हेच परवडतं.

"बधुं आवी गयुं"

आमच्या क्लासच्या बेननी पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, सगळं आलं यात. नंतर वर्षभर काय काय निघालं ते बघा. सुरुवातीला रजिस्ट्रेशन ५००. किट क्लासकडूनच घ्यायचं, १,१५०. डिसेंबरमध्ये मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन, त्यासाठी प्रत्येक पालकाने फ्रेम आणि हॉलच्या भाड्यातला वाटा द्यायचा, ९००. शिवाय मधेमधे "उद्या कॅनव्हास बोर्ड आणा", "उद्या मातीचे दिवे आणा". खोटं कोणी बोललं नाही, त्यांच्या मनात "सगळं" म्हणजे शिकवणं एवढंच होतं, आणि मी नीट विचारलं नाही.

आता मी असं विचारते: रजिस्ट्रेशन एकदाच की दरवर्षी? किट तुमच्याकडूनच घ्यायचं का मी बाहेरून आणलं तर चालेल, आणि किटमध्ये काय काय आहे त्याची यादी मिळेल का? कागद कोणाचा? प्रदर्शन, स्पर्धा, परीक्षा यांची फी वेगळी का, आणि त्यात भाग घेणं सक्तीचं आहे का? सर्टिफिकेटचे पैसे आहेत का? सगळे प्रश्न एका व्हॉट्सॲप मेसेजमध्ये पाठवा आणि उत्तरही लेखी घ्या, नंतर वाद होत नाही.

जीएसटीचं पण समजून घ्या. एखादी व्यक्ती स्वतः, स्वतःच्या नावावर कला शिकवत असेल तर त्या शिकवण्यावर जीएसटी लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे. कंपनी किंवा फ्रँचायझी असेल आणि तिची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर असेल तर १८ टक्के लागतो. म्हणजे फ्रँचायझीने १,५०० सांगितले तर "प्लस जीएसटी आहे का" विचारा, कारण असेल तर भरायचे १,७७०. आणि घरगुती क्लासवाल्याने जीएसटी म्हणून जादा पैसे मागितले तर जीएसटी नंबर असलेलं बिल मागा, नंबर नसेल तर तो पैसे घेऊ शकत नाही.

सामान: इथे पैसे वाचतात आणि इथेच वाया जातात

मुलांच्या बाबतीत मी केलेली चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात मोठा डबा आणला. ४८ रंगांचे ऑइल पेस्टल, त्यातले तीस जसेच्या तसे आहेत अजून. मुलांना सात-आठ रंग लागतात, बाकीचे ती मिसळून करायला शिकतात आणि तेच तर शिकायचं असतं. सुरुवातीला खरं लागतं ते एवढंच: एचबी, २बी आणि ४बी पेन्सिल, खोडरबर, ए३ आकाराची स्केचबुक, २५ पेस्टलचा डबा, पोस्टर कलरच्या लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा अशा पाच बाटल्या, गोल ब्रश २, ६ आणि १० नंबरचे, एक चपटा ब्रश, पॅलेटऐवजी घरातली जुनी पांढरी ताटली, आणि बाबांचा जुना शर्ट ॲप्रन म्हणून. पोस्टर कलरचा सेट संपूर्ण परत घेऊ नका, रंग सुट्या बाटल्यांत मिळतात. पांढरा सगळ्यात आधी संपतो, तो पहिल्यापासून दोन घ्या. कॅमलिनचं मुलांसाठीचं सामान पुरेसं चांगलं आहे, इंपोर्टेड काहीही लागत नाही.

पेन्सिल, खोडरबर, क्रेयॉन, पेस्टल, चारकोल आणि वह्या यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेव्हा जुन्या किमतीचं स्टिकर असलेला माल देत असतील तर दुकानदाराला जरूर विचारा.

क्लासकडून किट घ्यायचं की रावपुऱ्यात जाऊन स्वतः घ्यायचं? यादी हातात घेऊन एकदा दुकानात भाव विचारून या. माझ्या १,१५०च्या किटमधलं निम्मं सामान घरात आधीच होतं. थोडा फार फरक असेल तर क्लासकडून घ्या, सगळ्या मुलांकडे एकसारखं असलं की शिकवणाऱ्याला सोपं जातं हेही खरं आहे.

ब्रशबद्दल मात्र तळमळीने सांगते. ब्रश झिजून जात नाहीत, आपण मारतो ते. मनवा रंगवून झालं की ब्रश पाण्याच्या पेल्यात उभा ठेवायची, केसांवर उभा, रात्रभर. सकाळी बघावं तर टोक वाकलेलं, मांजरीच्या कानासारखं, आणि ते कधीच सरळ होत नाही. तीन महिन्यांत दोन सेट गेले. मग बाबांनी तिला शिकवलं, नळाखाली धरायचा, तळहातावर साबणाची वडी घासायची, त्यावर ब्रश हलके गोल फिरवायचा, फेस पांढरा येईपर्यंत, मग दोन बोटांच्या चिमटीत टोक करायचं आणि आडवा ठेवायचा, उभा नाही. आजोबा-नात दोघं बेसिनपाशी वाकून हे करतात तेव्हा बघण्यासारखं असतं. त्यानंतर एकही ब्रश विकत घ्यावा लागला नाही.

वर्षभरात किट सोडून कागद आणि रंग मिळून आमचे १,४०० रुपये गेले.

पेट्रोल विसरू नका

आमचं घर मांजलपुरात, क्लास चार किलोमीटरवर. सोडायला जायचं, परत यायचं, आणायला जायचं, परत यायचं, एका क्लासला १६ किलोमीटर. ८१ क्लास म्हणजे १,२९६ किलोमीटर, स्कूटर ४५चं ॲव्हरेज देते, लिटरला ९५ धरले तरी २,७०० च्या वर पेट्रोल. आणि संध्याकाळी मांडवीकडून जाणार असाल तर वेळेचं विचारूच नका. शेजारच्या सोसायटीतली दोन मुलं त्याच क्लासला असतील तर आळीपाळीने सोडा, हा खर्च निम्मा होतो. किंवा क्लास दीड तासाचा असेल तर तिथेच थांबा आणि भाजी तिकडूनच घेऊन या, मी शेवटी हेच केलं.

आता सगळं एकत्र मांडते, मनवाचं पूर्ण वर्ष:

फी १२,०००
रजिस्ट्रेशन ५००
किट १,१५०
नंतरचं सामान १,४००
प्रदर्शन आणि फ्रेम ९००
पेट्रोल २,७००
एकूण १८,६५०

म्हणजे फीच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्तच. ८१ने भागलं तर एका क्लासला २३० रुपये. तुम्हाला फीचा आकडा कळला की त्याच्या दीडपट मनाशी धरा आणि मग परवडतंय का बघा.

ट्रायलला गेलात की भिंतीकडे बघा

पैसे भरण्याआधी एक क्लास बसून बघू द्या म्हणावं, चांगले लोक हो म्हणतात. मूल आत बसलं की तुम्ही भिंतीवर लावलेली चित्रं बघा. सगळ्या चित्रांत तोच डोंगर, तोच सूर्य, तीच नारळाची दोन झाडं आणि तीच होडी असेल तर समजा की फळ्यावरचं उतरवून घेतात. प्रत्येकाचं वेगळं, थोडं वाकडंतिकडं पण वेगळं असेल तर तिथे शिकवलं जातंय. दुसरं, शिकवणारा मुलाच्या कागदावर स्वतःची पेन्सिल चालवतो का ते बघा. शेजारी दुसऱ्या कागदावर काढून दाखवणं वेगळं, आणि मुलाच्याच चित्रात डोळे काढून देणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घरी येणारी चित्रं सुंदर दिसतात, आपण खूश होतो, आणि ती मुलाची नसतात. तिसरं, झेरॉक्स काढलेली आउटलाइन रंगवायला देत असतील तर ते काम घरी दहा रुपयांच्या रंगवायच्या पुस्तकात होतं.

बडोद्याचं एक भाग्य आहे, ते वापरा. सयाजीराव महाराजांनी इथे १८९० मध्ये कलाभवन काढलं, दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. पुढे १९५० मध्ये विद्यापीठाची फाइन आर्ट्स फॅकल्टी सुरू झाली, पेंटिंग विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे मूळचे इंदूरचे, आपलेच. त्या फॅकल्टीत शिकलेले कितीतरी जण इथेच राहिले आणि घरी किंवा छोट्या स्टुडिओत शिकवतात. त्यांचे मोठे बोर्ड नसतात, जाहिरात नसते, त्यामुळे ओळखीतून शोधावं लागतं. फॅकल्टीतल्या मुलांचं वर्षाअखेरीचं प्रदर्शन बघायला जा आणि तिथे विचारा, मनवाच्या नवीन ताई मला तिथेच कळल्या. अर्थात डिग्री आहे म्हणजे लहान मुलांना शिकवता येईलच असं नाही, म्हणून ट्रायल हवीच.

मोठ्यांसाठी

मोठ्यांचा हिशोब उलटा असतो. मुलांच्या बाबतीत फी मोठी आणि सामान लहान, मोठ्यांच्या बाबतीत सामान फीला गाठतं.

आधी वर्कशॉपबद्दल. रविवारी तीन तास, लिप्पन (माती आणि आरशांची नक्षी), मंडला (गोलाकार नक्षी), रेझिन, चहा-नाश्ता आणि सामान सगळं त्यांचं, आणि संध्याकाळी भिंतीवर लावायला एक वस्तू घेऊन घरी. छान असतं, मैत्रिणींबरोबर जरूर जा. पण त्या पैशांत सामान, हॉल, नाश्ता हेच जास्त असतं, चित्रकला येईल असं धरून चालू नका. दर महिन्याला एक वर्कशॉप करण्यापेक्षा तेच पैसे चार-पाच महिने साठवून नियमित क्लासला लावले तर हातात काहीतरी राहतं.

नियमित क्लासला जायचं तर माध्यमानुसार खर्च ठरतो. पेन्सिल आणि चारकोल सगळ्यात स्वस्त, आणि सुरुवात तिथूनच करावी असं बाबांचे सर म्हणतात, पहिले तीन महिने त्यांनी रंगाला हातच लावू दिला नाही. मला तेव्हा वाटलं वेळ काढताहेत, आता पटतंय. पेन्सिलच्या तीन महिन्यांत बाबांचा सामानाचा खर्च दोनशे रुपयेसुद्धा झाला नाही, आणि नावड निर्माण झाली असती तर तेवढ्यावरच सुटले असते. अॅक्रिलिक लवकर वाळतं, पाण्याने धुता येतं, घरात सोपं. ऑइलला कॅनव्हास, जवसाचं तेल, टर्पेंटाइन लागतं, वास घरभर राहतो, चित्र वाळायला दिवसचे दिवस लागतात, म्हणजे जागा पण हवी. फ्लॅटमध्ये गॅलरी नसेल तर ऑइलचा क्लास लावण्याआधी विचार करा.

वॉटरकलरचा खर्च कागदात आहे. साधा कार्ट्रिज कागद पाणी लागलं की पापडासारखा वळतो आणि माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. बाबा दीड महिना तसंच करत होते, चिडायचे. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद आणला आणि पहिल्याच दिवशी आकाश नीट उतरलं. पण हा कागद महाग, आणि सुटे छोटे पॅड अजून महाग पडतात. युक्ती अशी, २२ बाय ३० इंचाची मोठी शीट घ्या आणि घरी कापा, ११ बाय १५चे चार तुकडे होतात, किंवा साडेसात बाय ११चे आठ. सरावाला आठवा तुकडा भरपूर झाला. आणि मागची बाजू कोरी असते, तीही वापरा. रंगांच्या बाबतीत स्टुडंट ग्रेडच्या १२ ट्यूब घ्या, आर्टिस्ट ग्रेड एक वर्षाने, तेही एकेक ट्यूब. थोडक्यात, कागद चांगला आणि रंग साधे, उलटं करू नका.

मोठ्यांनी अजून एक विचारावं, बॅच मोठ्यांची वेगळी आहे का. बाबांना आधी मुलांच्या बॅचमध्ये मागच्या बाकावर बसवलं होतं, त्यांनी दोन वेळा जाऊन सोडलं. आता दुपारी तीनची चार जणांची बॅच आहे, त्यात दोघी निवृत्त शिक्षिका, एक बँकेतले, फी मुलांच्या बॅचपेक्षा तीनशेने जास्त आणि ती योग्यच आहे.

पैसे कसे भरायचे

एकदम वर्षाचे भरू नका. वीस टक्के सूट मिळतेय म्हणून आम्ही दोन वर्षांपूर्वी मनवाच्या एका दुसऱ्या क्लासचे (नाव सांगत नाही) सगळे पैसे आधी भरले, चौथ्या महिन्यात क्लासने जागा बदलली, घरापासून नऊ किलोमीटर, आणि पैसे परत मागितले तर पावतीच्या मागे छापलेलं दाखवलं की एकदा भरलेली फी परत मिळणार नाही. मी तेव्हा गप्प बसले, बसायला नको होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथे तक्रार नोंदवता येते. फार तर तीन महिन्यांचे भरा, पावती घ्या, यूपीआयने दिले तर मेसेजमध्ये कोणत्या महिन्यांची फी ते लिहा.

पावत्या जपायचं अजून एक कारण आहे. मूल १० ते १४ वर्षांचं असेल आणि खरंच हुशार असेल तर सीसीआरटीची (सेंटर फॉर कल्चरल रिसोर्सेस अँड ट्रेनिंग) सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती असते, केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाची. संगीत-नृत्यासाठी सगळ्यांना माहीत असते, पण चित्रकला, शिल्पकला आणि हस्तकलेलाही आहे. वर्षाला ३,६०० रुपये आणि शिवाय शिकवणाऱ्याला दिलेल्या फीची ९,००० पर्यंत भरपाई. निवड होणं सोपं नाही, पण अर्ज करायला काय जातंय. त्यासाठी मुलाची चित्रं आतापासून फाइलला लावा, प्रत्येकाच्या मागे तारीख आणि वय लिहा.

भावंडं एकत्र घातली तर सूट बरेच जण देतात, फक्त विचारावी लागते. आणि क्लासशिवाय जे शिकणं होतं ते बडोद्यात जवळजवळ फुकट आहे हो. कमाटीबागेतलं म्युझियम आणि पिक्चर गॅलरी, राजवाड्याच्या आवारातल्या म्युझियममधली राजा रवि वर्म्यांची चित्रं, कीर्तिमंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं, रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा. महिन्यातून एक रविवार मुलाला घेऊन जा, बरोबर छोटी वही आणि २बी पेन्सिल, एकाच चित्रासमोर वीस मिनिटं बसवा. तांबेकर वाड्यात मनवाने फक्त एका घोड्याचे पाय काढले, बाकी काहीच नाही, आणि घरी येऊन अख्खा आठवडा घोड्याचे पायच काढत होती.

या जूनपासून तिला त्या ताईंकडे घालतोय, सहा मुलं, आठवड्यातून एकदा, दोन तास, महिना १,६००, मे आणि दिवाळीच्या महिन्यात अर्धी फी. किट काही नाही, ताईंनी एवढंच सांगितलंय की घरात असेल ते सामान आणि वर्षभराची जुनी चित्रं घेऊन या, चांगली निवडून आणू नका, सगळी आणा.